टायरच्या टोपणातला हिरवा रंग

गाड्यांच्या सुट्या सामानाच्या दुकानात काउंटरजवळ चार टोपणांचं एक पाकीट टांगलेलं दिसतं. बुड धातूचं, डोकं पारदर्शक प्लॅस्टिकचं आणि आत एक रंगीत पट्टी. टायरच्या व्हॉल्व्हवरचं काळं टोपण काढायचं आणि हे फिरवून बसवायचं. हवा पुरेशी असेल तर हिरवं दिसतं, कमी झाली की पिवळं, फारच कमी झाली की लाल. गेज लावायला नको आणि पंक्चरच्या दुकानी थांबायला नको. चहाचा कप हातात घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारली की काम झालं, असा एकंदर वायदा असतो.

अकोला जिल्ह्यातल्या अकोटमध्ये अशा वस्तूला गिऱ्हाईक मिळणं साहजिक आहे. इथली गाडी एकाच महिन्यात नाना तऱ्हेच्या रस्त्यांवर चालते. दक्षिणेला पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातून अकोल्याला जायचं, तर रस्त्याखाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराला सपाट राहू देत नाही. उत्तरेला पोपटखेड ओलांडलं की सातपुड्याची चढण लागते. वाशीम जिल्ह्यात शिरून समृद्धी महामार्ग गाठला, तर तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अकोल्याच्या रस्त्यावरचा, गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल तडे गेल्यामुळे बंद झाला, तेव्हा अकोटच्या गाड्यांना आडवळणाच्या रस्त्यांनी लांबचे फेरे पडले. एका ठिकाणी खड्डे आणि दुसरीकडे वेग, दोन्हीकडे कमी हवेचा टायर लवकर मरतो.

हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात. वाकण्या-सरळ होण्यात रबर तापतं. तापलेल्या रबरात आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि एखाद्या दुपारी वेगात असताना टायर फुटतो. त्यात अडचण अशी की रेडियल टायर मुळातच थोडा फुगीर बसतो. ३३ पौंड (पीएसआय) हवेच्या जागी २६ असली तरी नुसत्या डोळ्यांना कळत नाही. लाथ मारून हवा ओळखणारे ड्रायव्हर पुष्कळ भेटतात, पण त्यांना कळतो तो साफ बसलेला टायर. म्हणून रंगीत टोपणाची कल्पना चुकीची म्हणता येत नाही. प्रश्न असा, की ते टोपण ज्या व्हॉल्व्हवर बसतं त्याचं ते नक्की काय करतं?

कार, मोटरसायकल, ट्रॅक्टर या सगळ्यांना जो व्हॉल्व्ह असतो त्याला श्रेडर व्हॉल्व्ह म्हणतात. अमेरिकेतल्या श्रेडर यांच्या कारखान्यानं तो १८९० च्या दशकात आणला आणि तेव्हापासून त्याचं तत्त्व बदललेलं नाही. नळीच्या आत स्प्रिंगची एक बारीक पिन असते. स्प्रिंग आणि टायरमधली हवा मिळून तिला बाहेरच्या बाजूला ढकलतात आणि तिचं रबरी बूड भोक बंद करतं. हवा भरताना नळी पिन दाबते, वाट उघडते, नळी काढली की वाट बंद. वरचं काळं टोपण धूळ अडवतं. त्यात रबरी वायसर असेल तर पिन थोडी गळत असली तरी हवा अडते. म्हणजे दोन कुलपं झाली, एक पिनचं आणि एक टोपणाचं. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हला अशी पिन नसते, तिथे रबराची वॉलट्यूब असते, त्यामुळे ही रंगीत टोपणं त्या सायकलला लागत नाहीत.

रंगीत टोपणाला टायरमधला दाब कळायला हवा. त्यासाठी हवा टोपणापर्यंत आली पाहिजे, आणि ती यायची तर पिन दाबलेली राहिली पाहिजे. टोपणाच्या आत मध्यभागी एक टोक असतं. टोपण घट्ट केलं की ते टोक पिनवर बसतं आणि तिला कायमचं दाबून धरतं. हवा वर येते, एका रबरी पडद्याला किंवा दट्ट्याला ढकलते, पलीकडून स्प्रिंग त्याला विरोध करते. दाब पुरेसा असला की दट्ट्या वर जातो आणि हिरवी पट्टी खिडकीत येते. दाब उतरला की स्प्रिंग जिंकते, दट्ट्या खाली येतो, हिरव्याखालची पिवळी आणि मग लाल पट्टी उघडी पडते.

म्हणजे हे टोपण लावलं त्या क्षणी पिनचं कुलूप आपण स्वतः उघडून ठेवलेलं असतं. आता टायरमधली हवा थांबवून धरण्याची सगळी जबाबदारी टोपणाच्या वायसरवर आणि आतल्या पडद्यावर येते. व्हॉल्व्हची पिन वर्षानुवर्षं टिकते. काही रुपयांच्या टोपणातला पडदा किती टिकेल, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. एक पंक्चरवाले बुवा हेच त्यांच्या भाषेत सांगतात, ‘भाऊ, हवा पाहाले दरवाजा उघडा ठेवाव लागते, तं मंग चोर कायच्यानं अडवाचा?’ टोपणाची परीक्षा करताना क्रम यावरूनच ठरवावा. रंग बरोबर दाखवतं का, हा प्रश्न दुसरा. हवा धरतं का, हा पहिला.

ही परीक्षा चालत्या चाकावर नको, स्टेपनीवर करावी. स्टेपनी काढून अंगणात ठेवावी, कंपनीनं सांगितलेली हवा भरावी, टोपण हातानं घट्ट बसवावं. पक्कड वापरू नये, वायसर चिरडतो. मग साबणाचं दाट पाणी टोपणाच्या बुडाशी आणि पारदर्शक डोक्याच्या सांध्यावर लावून दहा मिनिटं बघत बसावं. मोठी गळती लगेच फेस काढते, बारीक गळती सावकाश. खात्री करायची तर चाक उभं करून व्हॉल्व्हचा भाग पाण्याच्या टाकीत बुडवावा, जसं पंक्चरवाला ट्यूब बुडवतो. आता थोडा हिशेब. मध्यम कारच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते आणि तिच्यातला दाब एक पौंडानं उतरायला बाहेरच्या दाबाची सुमारे दोन लिटर हवा निघून जावी लागते. तुरीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा दर सेकंदाला सुटत असेल, तर दिवसभरात नऊ-दहा लिटर हवा गेली, म्हणजे चार ते पाच पौंड उतरले. दोन दिवसांत ३३ चे २४ होतात. तोच बुडबुडा दर दहा सेकंदांनी येत असेल तर दिवसाला जेमतेम अर्धा पौंड जातो, आणि हाच प्रकार जास्त फसवा, कारण आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नाही. साबणाची परीक्षा चारही टोपणांची करावी. एका पाकिटातली चार टोपणं एकसारखी असतात असं धरून चालू नये.

साबणात पास झालेलं टोपण मग गाडीवर चढवावं, पण सुरुवातीला एकाच चाकाला. पुढच्या डाव्या चाकाला रंगीत टोपण आणि उजव्याला साधं. दोन्हींत सारखी हवा भरून आठवडाभर गाडी गावातल्या गावात चालवावी आणि नंतर सकाळी दोन्ही मोजावीत. जोडीदार चाक लागतंच, कारण धडधाकट टायरही महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआप गमावतो आणि हवामान बदललं की आकडा हलतो. दोन्ही चाकं सारखी उतरली असतील तर टोपण निर्दोष. डावं जास्त उतरलं असेल तर टोपणांची अदलाबदल करून पुन्हा आठवडा द्यावा. गळती टोपणाबरोबर उजवीकडे गेली, तर दोषी सापडला. डावीकडेच राहिली, तर टायरमध्ये खिळा शोधावा. मोजण्यासाठी टोपण काढताना फुस्स करून थोडी हवा जाते, तेवढी सूट धरावी.

रंगाची परीक्षा यानंतर. इथे आधी आपलं गेज खरं आहे का ते पाहावं लागतं. तेच चाक पेट्रोल पंपावरच्या गेजनं आणि टायरच्या दुकानातल्या गेजनं मोजून घ्यावं. तिन्हींत एखाद्या पौंडाचा फरक चालतो, चार-पाच पौंडांचा असेल तर नवं गेज घ्यावं. मग स्टेपनीत ३६ पौंड भरून एक-एक पौंड हवा सोडत खाली यावं. दर पायरीला गेज लावायचं, टोपण बसवायचं, रंग पाहायचा, लिहून ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण टोपणाचा खरा स्वभाव इथेच कळतो. बाजारातली बहुतेक टोपणं ठरलेल्या आकड्याहून साधारण चार पौंड खाली गेल्यावर पिवळी आणि आठ पौंड खाली गेल्यावर लाल होतात, म्हणजे ३२ चं टोपण २८ च्या आसपास पिवळं आणि २४ च्या आसपास लाल. चार टोपणांचे आकडे एकमेकांपासून दोन पौंडांहून जास्त भरकटत असतील तर पाकीट परत करावं.

उतरताना झालं की चढतानाही तोच खेळ करावा. २० पासून एक-एक पौंड भरत वर जायचं. हलक्या टोपणात दट्ट्या घासतो आणि अडकतो. उतरताना हिरवा रंग २६ पर्यंत तसाच चिकटून राहतो, आणि टोपणावर टिचकी मारली की एकदम पिवळा होतो. टिचकीनं रंग बदलणारं टोपण बाद. कमी हवा असताना हिरवं दाखवणारं टोपण हे टोपण नसण्याहून वाईट, कारण ते लावल्यावर माणूस गेजला हात लावायचं सोडतो.

वऱ्हाडातला खरा घोळ उन्हाचा आहे. बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांत ३३ पौंड भरलेला टायर, हवा न भरता, मे महिन्याच्या ४५ अंशांत जवळजवळ ३९ दाखवेल. साधारण सहा अंशांमागे एक पौंड, असं गणित लक्षात ठेवलं तरी पुरतं. उलट बाजूनं पाहा. सकाळी २५ अंशांत टायरमध्ये फक्त २८ पौंड आहेत, म्हणजे टोपण पिवळं आहे. गाडी अकोल्याला निघाली, आतली हवा तापून ६५ अंशांवर गेली, दाब ३३ च्या वर पोचला, टोपण हिरवं झालं. अकोल्याच्या बाजारात उतरलेल्या माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे. टायर मात्र कमी हवेनं वाकून तापला म्हणूनच टोपण हिरवं दिसतंय. गाडीच्या दारावर चिकटवलेला आकडा थंड टायरचा असतो. तेव्हा टोपण बघायचं ते सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, ऊन अंगावर येण्याआधी. इतर वेळी दिसलेला हिरवा रंग मोजू नये. इतर वेळी दिसलेला लाल मात्र मोजावा, तापूनही लाल असेल तर हवा फारच गेली आहे.

घाटाचं मात्र उगाच भय नको. अकोटहून चिखलदऱ्याला गेलं की आपण सुमारे ८०० मीटर वर चढतो. बाहेरच्या हवेचा दाब सव्वा पौंडानं घटतो, त्यामुळे गेज तेवढं जास्त दाखवतं. वर आठ-दहा अंश थंडावा असला तर तेवढंच कमी दाखवतं. दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात.

आता वजन. साधं प्लॅस्टिकचं टोपण एखाद्या ग्रॅमचं. रंगीत टोपण सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहावं, धातूच्या बुडाचं असेल तर दहा ग्रॅमपर्यंत भरतं. दहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं उभ्या गाडीकडे पाहून वाटतं. चाक फिरू लागलं की प्रत्येक वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते आणि हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. चौदा इंची रिमच्या कारचा व्हॉल्व्ह चाकाच्या मध्यापासून साधारण १६ सेंटिमीटरवर असतो. ताशी १०० च्या वेगाला तिथल्या वस्तूचं वजन सुमारे दीडशे पट होतं. दहा ग्रॅमचं टोपण दीड किलोच्या जोरानं बाहेर ओढलं जातं. समृद्धीवर १२० ला हा जोर दोन किलोच्या वर जातो. बहुतेक कारच्या रिमला रबरी व्हॉल्व्ह असतो, तो या ओढीनं वाकतो, थांबल्यावर सरळ होतो, पुन्हा वाकतो. जुन्या व्हॉल्व्हच्या बुडाशी मग बारीक भेगा पडतात. बोटानं व्हॉल्व्ह वाकवून बुडाशी पाहिलं तर भेग दिसते. दिसली तर टोपणाचा विचार सोडून आधी व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. चाकाच्या बॅलन्सिंगसाठी दुकानदार पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या लावतो, हे लक्षात घेतलं तर दहा ग्रॅमची किंमत कळते. टोपण वापरायचंच ठरलं तर बॅलन्सिंग टोपण लावून करून घ्यावं.

फुटण्याची परीक्षा थोडी आडदांड आहे, पण चार टोपणांतलं एक खर्ची घालायची तयारी असेल तर जरूर करावी. खारपाणपट्ट्यातल्या रस्त्यावर गिट्टी उडते, फूटपाथला चाक घासतं आणि पोरांच्या हाताला चकाकती वस्तू लागते. पारदर्शक डोकं उन्हानं कडक होऊन तडकतंही. तडकल्यावर पुढे काय? स्टेपनीवर टोपण बसवावं, डोळ्यांवर चष्मा चढवावा, तोंड बाजूला ठेवावं आणि लांब पकडीनं पारदर्शक डोकं फोडावं. चांगल्या बनावटीत डोकं फुटलं तरी आतला पडदा हवा धरून ठेवतो. हलक्या बनावटीत पडद्याला आधारच त्या डोक्याचा असतो. ते गेलं की पडदा आणि स्प्रिंग उडून जातात, पिन दाबलेलीच राहते आणि टायर सूं करत रिकामा होतो. हा आवाज अंगणात ऐकलेला बरा.

यातून तावून-सुलाखून निघालेलं टोपणही प्रत्येक गाडीला चालत नाही, कारण त्याचा आकडा कारखान्यात ठरलेला असतो. पाकिटावर २.२ बार लिहिलेलं असेल तर ते ३२ पौंड, २.५ बार म्हणजे ३६. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला साधारण २५ पौंड लागतात. तिथे ३२ चं टोपण लावलं की ते जन्मभर लाल किंवा पिवळंच राहणार, आणि मालक ते हिरवं करायला हवा भरत सुटणार. कडक झालेला पुढचा टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात शेतात चालताना बारा-पंधरा पौंडच हवा असते, तिथे ही टोपणं निव्वळ शोभेची. ट्रकच्या मागच्या जोडचाकातलं आतलं टोपण दिसणारच नाही. चिखलानं माखलेलं कोणाचंच दिसत नाही, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसाला तर स्वच्छ धुतलेलंही उपयोगाचं नाही.

कायद्याच्या नजरेत या टोपणाला जागा नाही. फायरस्टोन टायर फुटण्याच्या ज्या प्रकरणात दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेनं २००० साली टायरसुरक्षेचा कायदा केला. २००१ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं केलेल्या पाहणीत २७ टक्के कारच्या निदान एका टायरमध्ये आठ किंवा जास्त पौंड हवा कमी सापडली. २००७ पासून तिथल्या नव्या कारमध्ये हवा २५ टक्क्यांनी उतरली की ड्रायव्हरसमोर दिवा लागणं सक्तीचं झालं. आपल्याकडे जुलै २०२० च्या अधिसूचनेनं ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टायरदाब देखरेख यंत्रणा असलेल्या कारला स्टेपनीपासून सूट दिली. पण ती यंत्रणा चालत्या गाडीत ड्रायव्हरला खबर देणारी हवी. चाकावर बसलेलं रंगीत टोपण चालत्या गाडीतून दिसत नाही, त्यामुळे ते तिच्यात मोडत नाही. मोबाइलला किंवा छोट्या पडद्याला खबर पाठवणारे सेन्सरही टोपणासारखे व्हॉल्व्हवर बसतात. ते चालत्या गाडीत सांगतात हा मोठा फायदा, पण पिन तेही दाबून धरतात, वजनही तसंच, म्हणून साबणाची परीक्षा त्यांचीही करावी.

मला विचाराल तर रबरी व्हॉल्व्हवर ही टोपणं चढवून समृद्धीवर जाऊ नये. महिन्यातून दोनदा सकाळी गेज लावणं त्याहून सोपं आहे, आणि पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं पंपचालकाला बंधनकारक आहे, ती मागायला लाजू नये. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीला, धातूच्या व्हॉल्व्हवर, परीक्षा झालेली टोपणं लावायला हरकत नाही. दर महिन्याला ती काढून, पुसून परत लावावीत, कारण ॲल्युमिनियमचं बूड पितळी व्हॉल्व्हवर पावसाळ्यात गंजून असं चिकटतं की काढताना व्हॉल्व्हच तुटतो.

या टोपणाला सगळ्यांत शोभणारी जागा मात्र कोणी सुचवत नाही. ती म्हणजे डिकीतली स्टेपनी. ती फिरत नाही, तिच्यावर गिट्टी उडत नाही, ऊन लागत नाही, आणि वर्षभर तिच्या हवेची आठवण कोणाला होत नाही. ३२ पौंडाचं, साबणात पास झालेलं टोपण तिच्यावर बसवावं, स्टेपनी व्हॉल्व्ह वर येईल अशी ठेवावी आणि हवा ३५ पौंड भरावी. संत्र्याच्या पिशव्या डिकीत टाकताना नजर आपोआप तिकडे जाते.